ग्वादालूपे ते कार्ल्सबॅड: एका भित्तीचा माथा आणि तिचे पोट

अमेरिकेत टेक्सास आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेजवळ, चिवावा वाळवंटाच्या सपाटीतून एकदम उठलेला, या चित्रफितीत दिसणारा ग्वादालूपे पर्वताचा हा कडा एल कॅपिटान या नावाने ओळखला जातो. त्याच्या पायथ्याशी काटेरी झुडपे, निवडुंग आणि पश्चिमेकडे मिठागरांचा पांढरा पट्टा आहे. आज येथे पाण्याचा एखादा झराही नकाशावर आवर्जून दाखवावा लागतो. पण हा संपूर्ण डोंगर घडला तो मात्र समुद्रात.

सुमारे २६ ते २७ कोटी वर्षांपूर्वी या भागात एक उष्ण, उथळ काठांचा समुद्र होता आणि त्याच्या कडेने स्पंज, शैवाल आणि चुन्याची कवचे असलेले असंख्य जीव पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या अवशेषांवर वाढत गेले. त्यातून घोड्याच्या नालाच्या आकाराची, जवळपास ६४० किलोमीटर लांबीची चुनखडीची भित्ती तयार झाली. पुढे समुद्र आटला, भित्ती मीठ, जिप्सम आणि गाळाखाली गाडली गेली आणि फार नंतर भूकवच उचलले गेल्यावर तिचा काही भाग पुन्हा उघड्यावर आला. सह्याद्रीचा काळा कातळ पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हा फिकट, थरांचा खडक परका वाटतो, आणि ते साहजिक आहे: आपला बेसॉल्ट लाव्ह्यातून आला, आणि तोही ही भित्ती घडल्यानंतर जवळजवळ २० कोटी वर्षांनी.

ग्वादालूपे पर्वत राष्ट्रीय उद्यान १९७२ मध्ये स्थापन झाले. २,६६७ मीटर उंचीचे ग्वादालूपे शिखर हे टेक्सासमधील सर्वोच्च ठिकाण असून तेथे जाऊन परत येण्याची वाट साधारण साडेतेरा किलोमीटरची आहे. चढ सुमारे ९०० मीटरचा आहे, मात्र खरी परीक्षा पाहतो तो वारा. हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात तो माणसाला वाटेवर स्थिर उभे राहू देत नाही. उद्यानात उपाहारगृह, निवासगृह किंवा पेट्रोल पंप यांपैकी काहीही नाही, त्यामुळे पाणी आणि इंधन यांची तजवीज आधीच करून यावे लागते.

शिखरापेक्षाही अधिक वेळ द्यावा असे आम्हांला वाटते ते मॅककिट्रिक दरीला. वाळवंटाच्या मधोमध येथे वाहते पाणी आहे, मेपल वृक्ष आहेत आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांची पाने लाल-केशरी होतात. या दरीतील मोठी जमीन वॉलेस प्रॅट या भूवैज्ञानिकाने राष्ट्रीय उद्यान सेवेला दान दिली. प्रॅट तेल कंपनीत काम करत होते, आणि हा योगायोग नव्हे. याच भित्तीचे आणि तिच्या शेजारच्या खोऱ्याचे थर जमिनीखाली जेथे दडले आहेत, तेथे अमेरिकेतील एक मोठे तेलक्षेत्र आहे; जमिनीखालचा खडक समजून घेण्यासाठी तेलाचे अभ्यासक आजही हे उघडे कडे पाहायला येतात.

याच तेलाचा संबंध आपल्याला पुढच्या ठिकाणी नेतो. त्याच डोंगररांगेने ईशान्येकडे मोटारीने तासाभरात कार्ल्सबॅड गुहांचे उद्यान लागते. जगातील बहुतेक चुनखडीच्या गुहा पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सौम्य आम्लाने, वरून खाली कोरल्या गेल्या आहेत. येथे मात्र उलट घडले. शेजारच्या खोऱ्यातील तेल-वायूच्या साठ्यांमधून निघालेला हायड्रोजन सल्फाइड वायू भेगांमधून वर सरकला, भूजलातील प्राणवायूशी त्याचा संयोग झाला आणि त्यातून तयार झालेल्या गंधकाम्लाने भित्तीला आतून पोखरले. गंधकाम्लाची चुनखडीवर क्रिया झाली की जिप्सम तयार होतो; गुहेत आजही दिसणारे जिप्समचे मोठे पांढरे ढिगारे हा त्याचाच पुरावा आहे. ‘बिग रूम’ हे मुख्य दालन सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी असे घडले.

लिफ्टने खाली उतरता येते, पण नैसर्गिक मुखातून चालत जाणेच योग्य. दोन किलोमीटरच्या नागमोडी वाटेने सुमारे २३० मीटर खाली जाताना उजेड कसा हळूहळू मावळतो आणि उन्हाळ्याची झळ १३ अंशांच्या गारव्यात कशी विरते, हे लिफ्टच्या एका मिनिटात कळत नाही. बिग रूम सुमारे १,२०० मीटर लांब असून तिचे छत काही ठिकाणी ७५ मीटरांहून अधिक उंच आहे. छतावरून लोंबणारे आणि जमिनीवरून उठलेले लवणस्तंभ हे पोकळी तयार झाल्यानंतरचे, झिरपत्या पाण्याचे काम आहे. हवामान कोरडे होत गेले तसे त्यांतील बहुतेकांची वाढ थांबली.

गुहेत पाण्याखेरीज काहीही खाण्यापिण्यास मनाई आहे. पर्यटकांच्या कपड्यांचे धागे, केस आणि धूळ स्तंभांवर साचत राहते, आणि स्वयंसेवक कुंचले व चिमटे घेऊन ती हाताने वेचतात. उन्हाळ्यात संध्याकाळी मुखातून लाखो वटवाघळे बाहेर पडतात, तेव्हा कॅमेरा किंवा मोबाइल सुरू ठेवण्यास परवानगी नसते. त्यामुळे या चित्रफितीत ते दृश्य तुम्हांला दिसणार नाही.

याच उद्यानातील लेचुगिया गुहेत १९८६ मध्ये शोधकांनी ढिगारा उपसून आत प्रवेश मिळवला. आतापर्यंत तिची २४० किलोमीटरांहून अधिक लांबी मोजली गेली आहे, आणि झुंबरांसारखे जिप्समचे मोठाले स्फटिक तिच्यात आहेत. ती सर्वसामान्यांसाठी बंद आहे. केवळ संशोधन आणि सर्वेक्षण करणाऱ्या लहान गटांना परवानगीने आत सोडले जाते. बिग रूममधील धागे वेचण्याचे काम पाहिल्यावर हा निर्णय कठोर वाटत नाही.