पटाशीच्या मुठीला कोणतं लाकूड?

(दृश्य: कोकणातली सुतारशाळा. बाहेर पाऊस, आत ठोक्यांचा आवाज.)

फणसाच्या चौकटीत सांध्याची खाच पडतेय. पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची सुताराची छिन्नी, चार सुती. इंचाचे सूत आठ, म्हणजे ही अर्ध्या इंचाची. पात्याकडे नंतर येऊ, आधी मूठ बघा. बाभळीची आहे आणि वरचं टोक ठोके खाऊन फुलासारखं पसरलंय.

पसरणारच. लाकडी मोगरी कोपऱ्यात पडून असते आणि पटाशी ठोकली जाते हाताला येईल त्या हातोडीनं, नाहीतर वाकसाच्या (लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्याराच्या) मागच्या बाजूनं. हे सोसायला बाभूळ हवी. धामण मिळाली तर फारच छान. चिवट आणि लवचीक, दणका पोटात घेते. शिसव देखणं, पण ते नुसत्या हातानं तासायच्या पटाशीला. आणि सागवान? दाराला द्या. ठोक्याखाली ते उभं चिरतं.

प्लॅस्टिकच्या मुठीला उगाच नाक मुरडू नये. लाकडी मूठ उन्हाळ्यात आटून ढिली होते, पावसात फुगते. प्लॅस्टिकला त्याचं काही नाही. फक्त घामेजल्या हातातून ती निसटते. मला नाही आवडत.

मूठ घरी बसवणार असाल तर भोक सरळ पाडा, नाहीतर पटाशी जन्मभर तिरकी चालेल. तोंडाशी पितळी कडं हवंच. ते नसेल तर पात्याची शेपूट पाचरीसारखी शिरते आणि मूठ फाडते.

आता पातं. घेताना त्याची पाठ काचेवर टेकवा. डोललं, तर परत ठेवा. लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची पटाशी करून घेता येते. तिथं सगळं त्याच्या पाणी देण्यावर, म्हणजे पातं तापवून, बुडवून कडक करण्यावर. जुन्या कानशीची पटाशी धार छान धरते, पण खाच उपसताना टवका उडतो.

कोन मोजायला यंत्र नको. जाडी ४ मिलिमीटर असेल तर धारेच्या उताराची लांबी ८ मिलिमीटर ठेवा, झाले ३० अंश. ग्राइंडरवर घाई करून कड निळी पडली, तर पाणी उतरलं समजा. तेवढा भाग घासूनच काढावा लागतो.

बारा नगांचा संच कशाला? दोन, चार, सहा आणि आठ सुती घ्या. घरकाम त्यात भागतं.

(दृश्य: सुतार मुठीचं फुललेलं टोक करवतीनं उडवतो.)

मूठ दोन सुतांनी आखूड झाली. पुन्हा ठोके सुरू.