जिगचा रंग कच्चा का राहतो

(बडोद्यात गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर दोन तऱ्हेची माणसं बसलेली दिसतात. काही जण महीच्या काठी नाहीतर भरूचच्या खाली नर्मदेच्या खाडीत गळ टाकणारे, आणि काही जण मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पावडर कोटिंगच्या (धातूवर सुका रंग भाजून बसवायच्या) भट्टीपुढे नोकरी केलेले. माझं दोन्हीकडे जाणं-येणं आहे, म्हणून एक गोष्ट मला फार खटकते. भट्टीवरच्या साध्या मदतनिसाला जे पहिल्या आठवड्यात कळतं, ते आपल्या गळवाल्यांपर्यंत पोचलेलंच नाही. घरी रंगवलेल्या जिगचे टवके उडतात, रंग निघतो आणि दोष पावडरला दिला जातो. पावडर बहुतेक वेळा चांगली असते. रंग कच्चा राहिलेला असतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गळाच्या दांडीवर नेढ्याच्या बाजूला शिशाची गोळी ओतली की झालं जिग हेड. साडेतीन ग्रॅम, सात ग्रॅम, चौदा ग्रॅम अशी वजनं चालतात. त्यावर रबरी मासा चढवायचा, तळापर्यंत सोडायचा आणि हलके हिसके देत ओढायचा. म्हणजे ही गोळी दर फेकीला दगडावर आपटणार, वाळूत घासणार. नेलपॉलिश तिथे टिकत नाही, आणि नुसत्या घासण्यामुळेच ते जातं असंही नाही. त्या रबरी माशाला मऊ ठेवणारं जे तेलकट रसायन असतं, ते नेलपॉलिशला विरघळवतं. डबीत दोन्ही एकत्र ठेवून पाहा, महिन्याभरात चिकट लगदा होतो. नीट भाजलेल्या पावडर रंगाला त्याचा फारसा त्रास होत नाही. एवढा खटाटोप करायचा तो यासाठी.

आता मुख्य मुद्दा. पावडर म्हणजे सुका रंग. पॉलिएस्टरची किंवा इपॉक्सी-पॉलिएस्टरची राळ, तिच्यासोबत हार्डनर आणि रंगद्रव्य, सगळं एकजीव करून दळलेलं. कण अगदी बारीक, मायक्रॉनमध्ये मोजायचे; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तापलेल्या गोळीवर ही पावडर बसली की शंभर डिग्रीच्या आसपास वितळते, पसरते आणि सुरेख चकाकते. इथेच लोक थांबतात. चकाकी आली, थंड झाल्यावर नख लागत नाही, मग झालं काम. पण तोवर फक्त वितळणं झालेलं असतं. राळेच्या लांब साखळ्या अजून एकमेकींपासून सुट्या असतात. हार्डनर त्यांना आडवे टाके घालतो तेव्हा रंग पक्का होतो, आणि त्या टाक्यांना उष्णता लागते तसाच वेळही लागतो. मेण वितळून घट्ट झालं तरी परत वितळतं. उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही. आपल्याला अंड्याची गोष्ट हवी आहे आणि बहुतेक जण मेणावर समाधान मानतात.

बडोद्याला या विषयाचा जुना वारसा आहे. 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्राचार्य. कापडावरचा रंग धुण्यात जाऊ नये म्हणून काय करायचं, हे तिथे शास्त्र म्हणून शिकवलं जायचं. तेच कलाभवन पुढे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखेत आलं. त्या गावात बसून आपण रंग अर्धा ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता हाताने कसं करायचं ते सांगतो. गोळी आधी स्वच्छ करा. साच्याच्या सांध्यावरची कड कानशीने घासून घ्या, बोटांचं तेल पुसून टाका. मग गळाच्या वाकाला पकडीत धरून गोळी हीट गनपुढे किंवा स्पिरिटच्या दिव्यावर फिरवत तापवायची. मेणबत्ती नको, काजळी बसते. आच गोळीवर राहू द्या, गळाच्या टोकावर येऊ देऊ नका. गळ पोलादाचा असतो. ओव्हनच्या उष्णतेने त्याला काही होत नाही, पण टोक ज्योतीत लाल झालं तर त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि मोठा मासा ते सरळ करून जातो.

किती तापवायचं याचं घड्याळ नाही. साडेतीन ग्रॅमची गोळी काही सेकंदांत तयार होते, चौदा ग्रॅमची बराच वेळ घेते. खूण पाहायची ती पावडरमध्ये बुडवल्यावर. एक-दोन सेकंद पावडरीतून फिरवा, बाहेर काढा, पकडीवर टिचकी मारून जादा पावडर झाडा. रंग दाणेदार, कोरडा दिसला तर गोळी थोडी थंड होती. काही बिघडलं नाही, परत आचेजवळ धरा, दाणे विरघळून अंग गुळगुळीत होईल. उलट बाहेर काढताच रंग ओघळू लागला, धूर दिसला, फोड आले, तर गोळी फार तापली होती. जाड थर हा या कामातला खरा शत्रू. कारखान्यात साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा थर देतात. आपण बुडवून करतो तेव्हा तो सहज त्याहून जाड होतो, मग ओव्हनमध्ये गोळीच्या नाकाला थेंब लोंबतो आणि पाण्यात जिग एका अंगाला कलते.

थर पातळ यावा म्हणून एक फार चांगली सोय घरी करता येते. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचा पेला करायचा, त्याच्या तळाशी हवा जाईल पण पावडर गळणार नाही असा कागद ताणून बसवायचा आणि खालून मासळीच्या टाकीचा छोटा एअर पंप जोडायचा. हवा सुटली की घट्ट बसलेली पावडर सैल होते, फुगते, वाहती होते. गोळी त्यात अलगद जाते आणि सगळीकडे सारखा थर बसतो. हा हौशी लोकांचा जुगाड नाही बरं का. पावडर कोटिंगची सुरुवातच अशी झाली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एर्विन गेमर यांनी हवेवर तरंगवलेल्या पावडरीत तापलेले धातूचे भाग बुडवायची रीत काढली. वीजभारित पावडर उडवणारी बंदूक, जी आज मकरपुऱ्यात सगळीकडे दिसते, ती मागाहून रुळली. म्हणजे आपण घरी करतो ती मूळ रीत आहे.

रंगवून झालं की नेढं साफ करायचं, तेही लगेच, रंग मऊ असतानाच, टूथपिकने. भाजून झाल्यावर त्या नेढ्यात ड्रिलच घालावं लागतं.

आणि आता भाजणं. बाजारात मिळणारा छोटा ओटीजी, म्हणजे विजेचा घरगुती ओव्हन, पुरतो, पण तो कायमचा या कामाचा. त्यात पुन्हा पाव शेकायचा नाही, पिझ्झा ठेवायचा नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. जिग वाकाला तारेवर टांगा, गोळी खाली, एकमेकींना लागणार नाहीत अशा. घरगुती वापराच्या बऱ्याचशा पावडरींना 175 ते 180 डिग्री सेल्सिअसला 15 ते 20 मिनिटं पुरतात. कारखान्यासाठीच्या पॉलिएस्टर पावडरीच्या डब्यावर बरेचदा 200 डिग्री, 10 मिनिटं असं लिहिलेलं असतं. डब्यावर जे असेल ते पाळा, पण ते नीट वाचा. तो आकडा धातूच्या तापमानाचा असतो, ओव्हनमधल्या हवेचा नव्हे. कोटिंगवाले यासाठी मालावर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, लावून पाहतात. माल आत गेल्यावर त्याला तापायला वेळ लागतो, आणि मिनिटं मोजायची ती माल तापल्यापासून. शिवाय ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत चांगलाच फरक पडू शकतो. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या. या कामात पैसे घालायचेच असतील तर चौथ्या-पाचव्या रंगाच्या डबीआधी त्याच्यात घाला.

पक्कं झालं की नाही, हे डोळ्याला कळत नाही. त्यासाठी कारखान्यातलीच परीक्षा छोट्या रूपात करा. एक जिग बाजूला काढा, पूर्ण थंड होऊ द्या, कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन तीसेक वेळा चोळा. जरा चमक गेली तर चालेल. बोळा रंगला, अंग चिकट झालं, तर घाणा कच्चा आहे, सगळा परत ओव्हनमध्ये टाका. कच्चा रंग पुन्हा भाजता येतो, ही त्यातली चांगली गोष्ट. फार भाजला तर मात्र पांढरा पिवळट पडतो, आणि झगझगीत फ्लुरोसंट रंगांचं तेज उतरतं.

रंग कोणता, यावर मी थोडंच बोलणार, कारण वजन आणि फेक चुकली तर रंग काही वाचवत नाही. खाडीच्या गढूळ पाण्यात जिताड्यासाठी मला पोपटी-पिवळा आणि पांढरा हे दोनच रंग पुरेसे वाटतात. पोपटीखाली आधी पांढऱ्याचा पातळ थर द्या. शिशाचा करडेपणा वर येत नाही आणि रंग उठून दिसतो. अंधारात चमकणाऱ्या पावडरीलाही हेच लागू. स्वच्छ पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी हरवतो, थोड्या खोलीवर तो काळपटच दिसतो. डोळे काढायचे असतील तर ते शेवटी, भाजून झाल्यावर.

सांभाळायच्या दोन गोष्टी मी ठासून सांगणार आहे. पहिली पावडरीची. हवेत उडालेली बारीक पावडर ज्योतीजवळ भडकू शकते. पेला आणि दिवा यांत अंतर ठेवा, काम झालं की झाकण लावा, तोंडावर मास्क हवा. मे महिन्यात बडोद्यात पंख्याशिवाय बसवत नाही हे मला ठाऊक आहे, पण हे काम पंख्याखाली करायचं नाही, पहाटे करा. त्याच उन्हाळ्यात पावडर माळ्यावर ठेवलीत तर तिच्या गुठळ्या होतात, आणि पावसाळ्यात ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

दुसरी गोष्ट शिशाची. ते 327 डिग्रीला वितळतं, म्हणून ओव्हनमध्ये गोळीला काही होत नाही. पण ते शरीरात साठतं, मुलांच्या मेंदूला अपाय करतं, आणि रक्तातली त्याची अमुक इतकी मात्रा निर्धोक, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. ओतकाम स्वयंपाकघरात कधीही नको, मुलं आणि गरोदर बाई आसपास असताना तर नकोच. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते उसळून अंगावर येतं. हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही. रंगवल्याने हाताला शिसं कमी लागतं, पण टवका उडाला की ते पुन्हा उघडं पडतं. ब्रिटनमध्ये शिशाचे तुकडे गिळून हंस मरायला लागले तेव्हा 1987 पासून गळाला लावायच्या शिशाच्या बहुतेक छोट्या वजनांवर बंदी आली, 28.35 ग्रॅमपर्यंतच्या. आपल्याकडेही खाडीत तुटून राहिलेलं प्रत्येक जिग तिथेच पडून राहतं. ज्यांना परवडेल त्यांनी कथलाकडे वळावं असं माझं स्पष्ट मत आहे. कथील हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी मोठी होते, एवढीच त्याची अडचण.

एकाने मघाशी विचारलं, हे सगळं घरी करण्यापेक्षा मकरपुऱ्यात जॉबवर्कला दिलं तर? देता येईल. बंदुकीने मारलेली पावडर गळाच्या टोकावर आणि नेढ्यातही बसते, म्हणून ती झाकण्यासाठी उष्णता सोसणारी टेप किंवा सिलिकॉनच्या टोप्या द्याव्या लागतात. एवढ्या बारीक मालाला कोण किती वेळ देईल, हा त्या मालकाचा प्रश्न. पण माल देताना धातू कोणता ते आधी सांगा. शिसं असेल तर त्यांच्या माणसांच्या हातांसाठी सांगा. निव्वळ कथील असेल तर ते 232 डिग्रीला वितळतं. 200 डिग्रीच्या भट्टीत ते टिकेल, पण भट्टी जरा वर गेली तर भरवसा नाही. आणि कथील-बिस्मथचं मिश्रण असेल तर ते भट्टीला देऊच नका, घरच्या ओव्हनमध्येही घालू नका. त्यातलं नेहमीचं मिश्रण 138 डिग्रीलाच वितळतं. ओव्हन उघडाल तर तारेवर नुसते गळ लटकलेले असतील आणि ट्रेमध्ये धातूचं थारोळं. त्या गोळ्यांना हवेवर वाळणारा इपॉक्सी रंगच लावा.