फिनिक्सची पाच पोरं: अ‍ॅलिस कूपर बँडची क्लबातली वर्षं

[शाळेची इमारत बाहेरून, मग पळायचा ट्रॅक]

ही कॉर्टेझ हायस्कूल, फिनिक्स, अ‍ॅरिझोना. ऊन बघा नुसतं, आणि हे सकाळचं शूट आहे. आता तुम्ही म्हणाल अ‍ॅलिस कूपर म्हणजे तो डोळ्यांभोवती काळं फासलेला, अंगावर अजगर खेळवणारा, स्टेजवर स्वतःचं मुंडकं उडवून घेणारा बाबा, त्याचा आणि शाळेच्या मैदानाचा काय संबंध? तर संबंध इथलाच आहे. आणि अजून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, अ‍ॅलिस कूपर हे तेव्हा एका माणसाचं नाव नव्हतंच, पाच जणांच्या बँडचं नाव होतं, आणि या व्हिडिओत तुम्हाला पाचही जण दिसणार आहेत. बाकीचे व्हिडिओ एकावरच थांबतात.

[ट्रॅकवर पळणारी मुलं, लांबून]

१९६४ साल. बीटल्स नुकतेच अमेरिकेत येऊन गेलेत आणि सगळी पोरं केस वाढवायला लागलीत. या शाळेच्या क्रॉसकंट्री टीममध्ये दोन मित्र आहेत, व्हिन्सेंट फर्नियर, म्हणजे पुढे ज्याला सगळे अ‍ॅलिस कूपर म्हणायला लागले तोच, आणि डेनिस डनअवे. व्हिन्सेंटचा जन्म डेट्रॉइटचा, वडील चर्चमध्ये प्रवचन करायचे, डेनिस ओरेगॉनकडचा. दोघंही लांब पल्ल्याचे धावणारे आणि दोघांनाही चित्रकलेचं, त्यातही साल्वादोर दालीचं भयंकर वेड. वितळलेली घड्याळं काढणारा दाली, तोच. हे लक्षात ठेवा, पुढे स्टेजवर जे काय होतं त्याचं मूळ मला तरी भुताखेतांपेक्षा या दालीच्या वेडातच दिसतं.

शाळेत खेळाडूंच्या क्लबचा एक कार्यक्रम असायचा, आपल्याकडच्या गॅदरिंगसारखा. तो भरवायची जबाबदारी व्हिन्सेंटवर आली आणि नाव द्यायला कोणी पुढे येईना. मग काय, आपणच बँड काढू. खरी गिटार वाजवता येणारे दोघंच, ग्लेन बक्स्टन आणि जॉन टाटम. ग्लेन ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा, शाळेच्या पेपरसाठी फोटो काढायचा. बाकीच्यांनी बीटल्सचे विग घातले, वाद्यं हातात धरली आणि बीटल्सच्याच गाण्यांत प्रेमाच्या जागी कोच, लॅप आणि हरलेल्या शाळा घालून म्हटली. पुढे बसून किंचाळायला मुलीही आधीच ठरवून ठेवल्या होत्या. बँडचं नाव इअरविग्ज. बीटल्स एक किडा तर हा दुसरा, तेवढंच लॉजिक.

आता गंमत अशी की मस्करीत केलेल्या या प्रकाराला टाळ्या पडल्या, आणि एकदा टाळ्या ऐकल्या की माणूस कामातून गेला. डेनिसने सुट्टीत आजोबांच्या शेतावर राबून पैसे जमवले आणि बेस गिटार घेतली. ती कशी धरायची, सूर कुठे सापडतात, हे ग्लेनने शिकवलं. म्हणजे पुढे ज्याच्या बेस लाइन्सवर भलेभले जीव टाकतात तो माणूस विग घालून खोटं खोटं वाजवण्यापासून सुरू झाला. ड्रम्सवर जॉन स्पीअर आला. १९६५ मध्ये नाव बदललं, द स्पायडर्स.

[सेव्हन्थ स्ट्रीट, चालत्या गाडीतून. नंतर जुने कृष्णधवल फोटो]

हा फिनिक्समधला नॉर्थ सेव्हन्थ स्ट्रीट. याच रस्त्यावर व्हीआयपी क्लब होता. क्लब म्हटल्यावर दारू, धूर असलं काही डोळ्यासमोर आणू नका, हा टीनएजर्सचा क्लब, शाळकरी पोरापोरींनी वीकेंडला यायचं, कोला प्यायचा आणि नाचायचं. चालवणारा जॅक कर्टिस. त्याने स्पायडर्सना हाउस बँड म्हणून ठेवलं.

हाउस बँड म्हणजे काय हे जरा नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. हाउस बँडला स्वतःची गाणी वाजवून चालत नाही. रेडिओवर जे वाजतंय ते वाजवायचं, रोलिंग स्टोन्स, किंक्स, देम, यार्डबर्ड्स असल्या बँड्सचं, आणि असं वाजवायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये. पुढच्या आठवड्यात तीच पोरं परत येणार, त्यांना नवीन काहीतरी पाहिजेच, म्हणून आठवडाभर शाळा सुटल्यावर रेकॉर्ड लावायची, सुई उचलून परत मागे ठेवायची, परत ऐकायचं, ग्लेनने सोलो उचलायचा, डेनिसने खालची लाइन शोधायची, व्हिन्सेंटने हार्मोनिका शिकायची, आणि वीकेंडला सगळं लोकांसमोर, चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. असं एकदोन महिने नाही, वर्ष उलटून गेलं तरी चालू. असली तालीम पैसे देऊन मिळत नाही.

[फोटो: स्टेजवर जाळं. हळू झूम]

आता या फोटोत मागे बघा. पोरांच्या पाठीमागे ते भलंमोठं काळं कोळ्याचं जाळं ताणलंय. नाव स्पायडर्स, म्हणून जाळं, इतका साधा विचार. पण शहरातला दुसरा कुठला बँड मागे काही लावत होता? बाकीचे एकसारखे कोट घालून सरळ रांगेत उभे राहायचे. लोक गाणं नुसतं ऐकायला येत नाहीत, बघायलाही येतात, हे या पोरांना त्या जाळ्यापासून कळलं असं माझं मत. पुढे स्टेजवर आलेली खोटी फाशी, मुंडकं उडवायचा गिलोटिन, सगळी या जाळ्याची पिल्लावळ आहे.

आणि एक किस्सा, जो अ‍ॅलिसने स्वतः कितीतरी मुलाखतींमध्ये सांगितलाय. खरे यार्डबर्ड्स व्हीआयपी क्लबात वाजवायला आले. त्यांच्याआधी स्टेजवर कोण? आपले स्पायडर्स. आणि यांच्याकडे वाजवायला काय होतं? यार्डबर्ड्सचीच गाणी! इतके दिवस घासलेली, सूर न् सूर पाठ. वाजवली बिनधास्त. मग खरे यार्डबर्ड्स चढले, तीच गाणी त्यांनी वाजवली आणि या पोरांना कळलं की आपण अजून कुठे आहोत. त्याचं हसू येतं मला दरवेळी, पण विचार करा, सतरा-अठरा वर्षांची पोरं, देवासमोर देवाचीच आरती आणि वर देव लगेच येऊन ती कशी म्हणतात ते दाखवतोय.

[रेकॉर्डचा क्लोजअप, सुई टेकते]

ही बघा ती वस्तू. सात इंची रेकॉर्ड, फोर्टीफाइव्ह, एका संग्राहकाने हातमोजे घालून काढून दिली, आम्हाला हात लावू दिला नाही आणि बरोबरच आहे. लेबल मॅस्कॉट, साल १९६५. एका बाजूला ‘व्हाय डोन्ट यू लव्ह मी’, लिव्हरपूलच्या ब्लॅकवेल्सचं गाणं, मागे मार्व्हिन गेचं ‘हिच हाइक’. दोन्ही दुसऱ्यांची. ऐका जरा.

[वीस सेकंद फक्त गाणं]

आवाज कोवळा आहे, ओळखू येणार नाही. पण ती हार्मोनिका ऐकलीत?

१९६६ मध्ये टाटम बँड सोडून गेला आणि मायकेल ब्रूस आला. नॉर्थ हायस्कूलचा, फुटबॉल खेळणारा दांडगा गडी, आणि मुख्य म्हणजे गाणी लिहिणारा. त्याच वर्षी दुसरी रेकॉर्ड, ‘डोन्ट ब्लो युअर माइंड’, सांताक्रूझ नावाच्या छोट्याशा लेबलवर, आणि हे गाणं त्यांचं स्वतःचं. टुसान हे फिनिक्सपासून दोन तासांवरचं शहर, तिथल्या केएफआयएफ रेडिओवर हे गाणं चार्टमध्ये एक नंबरला गेलं. एका गावच्या एका स्टेशनवर, पण एक नंबर तो एक नंबर. आता ही पोरं अ‍ॅरिझोनात मावेनात.

[हायवे, वाळवंट, सूर्यास्त]

फिनिक्स ते लॉस एंजलिस, साधारण सहाशे किलोमीटर. १९६७ मध्ये यांच्या या रस्त्यावर फेऱ्या सुरू झाल्या, तिकडे जायचं, क्लबांचे दरवाजे ठोठवायचे, पैसे संपले की परत अ‍ॅरिझोनात येऊन वाजवायचं, खिसा भरायचा, परत निघायचं. एकदा व्हॅन फ्रीवेवर उलटली, सामानासकट कोलांट्या खाल्ल्या, आणि सगळे वाचले. शेवटी तिकडेच मुक्काम ठोकला. एका घरात सगळे, खायला जे असेल ते. जॉन स्पीअरने बँड सोडला आणि ड्रम्सवर आला नील स्मिथ, तोही फिनिक्सचाच, कॅमलबॅक हायस्कूल, सहा फुटांच्या वर उंच आणि सोनेरी केस. आता झाले ते पाच: व्हिन्सेंट, ग्लेन, मायकेल, डेनिस, नील.

नाव मधेच बदलून नॅझ केलं होतं, त्या नावाने एक रेकॉर्डही काढली, आणि मग कळलं की फिलाडेल्फियात टॉड रंडग्रेन नावाच्या गिटारवाल्याचा नॅझ नावाचा बँड आधीच आहे. परत नवीन नाव शोधा. १९६८ मध्ये ठरलं अ‍ॅलिस कूपर. ऊइजा बोर्डवर, म्हणजे आत्म्यांना प्रश्न विचारायच्या पाटीवर, म्हणे एका चेटकिणीने हे नाव सांगितलं, ही गोष्ट तुम्ही हजार ठिकाणी वाचली असेल, आणि ती पसरवण्यात बँडनेही हात आखडता घेतला नाही. नंतर अ‍ॅलिसनेच सांगून टाकलं की नाव असंच तोंडात आलं, बिस्किटं करून देणाऱ्या एखाद्या प्रेमळ म्हातारीचं वाटावं असं. बाहेर पाटीवर म्हातारीचं नाव आणि आत पाच लांब केसांचे पुरुष. एवढ्यानेच अर्धी जनता चिडायची, अजून स्टेजवर काही केलंही नव्हतं.

[कपड्यांचे फोटो, एकामागून एक]

हे कपडे नीट बघा. आइस स्केटिंगच्या शोमधून बाद झालेले, चमचमणारे, स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले. नीलची बहीण सिंडी शिवणकामात तरबेज, पुढचे कितीतरी पोशाख तिच्या मशीनवरचे, नंतर ती आणि डेनिस लग्न करून मोकळे झाले. दिवे चार्ली कार्नल सांभाळायचा. आणि प्रॉप्स म्हणाल तर घरातलंच सगळं. एका गाण्याला खिडकी असलेलं एक दार स्टेजवर आणायचे आणि व्हिन्सेंट त्या दाराआडून ‘मी कोणालाच आवडत नाही’ अशा अर्थाचं गाणं रडवेला होऊन म्हणायचा. एक उशी फोडली की पिसं, आग विझवायचा सिलिंडर सोडला की धूर. शून्य बजेट. दालीवेडी पोरं आणि हाताला लागेल ते सामान, यालाच पुढे पेपरवाल्यांनी शॉक रॉक म्हटलं.

[व्हेनिसचा किनारा, रिकामी वाळू]

इथे, समुद्राला लागून, चीटा नावाचा मोठा क्लब होता. आता काही नाही, १९७० मध्ये आगीत गेला. तिथे दिवंगत विनोदवीर लेनी ब्रूसच्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता, हॉल भरलेला, आणि अ‍ॅलिस कूपर वाजवायला लागल्यावर माणसं उठून चालायला लागली. थोडी नाही, जवळजवळ सगळा हॉल. मागे राहिलेल्यांत शेप गॉर्डन नावाचा एक तरुण होता. त्याचं गणित सोपं होतं, जो बँड एवढ्या पटकन हॉल रिकामा करतो त्याच्यात काहीतरी जबरदस्त आहे, फक्त ते उलटं फिरवायला हवं. तो मॅनेजर झाला. अजूनही आहे.

आणि फ्रँक झापा, स्वतःचं रेकॉर्ड लेबल चालवणारा अवलिया संगीतकार. त्याने ऐकायला सातला बोलावलं, त्याच्या डोक्यात संध्याकाळचे सात. ही पोरं सकाळी सातला त्याच्या घरात अँप मांडून, पूर्ण वेशात, फुल आवाजात सुरू. झापा झोपेतून उठून आला, ऐकलं, आणि करार केला. पहिला अल्बम १९६९ चा, ‘प्रिटीज फॉर यू’. बिलबोर्ड या अमेरिकेतल्या चार्टवर १९३ वा नंबर. दुसरा तर चार्टवरही नाही.

[टोरांटो, १९६९ चं फुटेज, आवाज मूळचा]

१३ सप्टेंबर १९६९, टोरांटो, व्हार्सिटी स्टेडियम. याच दिवशी जॉन लेननही इथेच वाजवणार आहे. पिसं उडतायत बघा. आणि ती कोंबडी. कोणीतरी ती स्टेजवर आणली, व्हिन्सेंट डेट्रॉइटचा शहरी पोरगा, त्याला वाटलं पंख आहेत म्हणजे उडेल, म्हणून गर्दीकडे फेकली. पुढे काय झालं ते गर्दीने केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की याने तिचं मुंडकं तोडून रक्त प्यायलं. झापाचा फोन आला, खरं काय विचारलं, आणि म्हणाला, नाही केलं हे कोणाला सांगू नकोस.

यानंतरचं पटापट. डेट्रॉइटकडे मुक्काम, बॉब एझ्रिन नावाचा निर्माता, त्याने पाचही जणांना महिनोन्महिने तालमीला बसवलं, ‘आय’म एटीन’ बिलबोर्डवर २१, १९७२ ला ‘स्कूल’स आउट’, विमानं, फाशी, पैसा. १९७५ पर्यंत बँड संपला, नाव व्हिन्सेंटकडे राहिलं, त्याने ते कायद्यानेही घेतलं. ग्लेन १९९७ मध्ये न्यूमोनियाने गेला, ४९ वर्षांचा. २०११ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पाचही नावं गेली, एकट्याचं नाही.

[फोटो: पाचही जण]

आणि २५ जुलै २०२५ ला उरलेल्या चौघांचा एझ्रिनबरोबर नवा अल्बम आला, ‘द रिव्हेंज ऑफ अ‍ॅलिस कूपर’, त्यातल्या ‘व्हॉट हॅपन्ड टू यू’मध्ये ग्लेनने पूर्वी वाजवून ठेवलेली गिटार घेतलीय. ते गाणं ऐकताना डावा कान गायकावरून काढून जरा खाली, डेनिसच्या बेसकडे न्या.