किती दुखू द्यायचं, हे मेंदू वरून सांगतो

नमस्कार मंडळी. निपाणीत विडी वळणाऱ्या बायका बघितल्या असतील. मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप, मान खाली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. वर्षानुवर्षं हेच. अशी एखादी मावशी कंबर धरून दवाखान्यात जाते, एमआरआय होतो, त्यात फारसं काही निघत नाही, आणि घरचे म्हणतात, "काही नाही गं, मनाचं आहे तुझ्या." या वाक्याचा मला फार राग येतो. म्हणून आजचा विषय.

बोट कापलं की नसेतून निघालेला संदेश थेट मेंदूत जात नाही. आधी तो मणक्यांच्या आतल्या मज्जारज्जूत पोचतो. मज्जारज्जूच्या पाठीमागच्या बाजूला डॉर्सल हॉर्न नावाचा करडा भाग आहे. एक नस तिथं संपते, पुढची सुरू होते. संदेशातलं किती वर सोडायचं, ते बरंचसं या सांध्यावर ठरतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली हेच मांडलं, गेट कंट्रोल थिअरी म्हणून. लागलेल्या जागी आपण चोळतो ना, तेव्हा स्पर्शाच्या जाड नसा याच ठिकाणी दुखण्याचा संदेश थोडा अडवतात.

आता गेट म्हटलं की बेळगावकरांना टिळकवाडीचं रेल्वे गेट आठवणार. तिथला गेटमन स्वतःच्या मर्जीनं फाटक उघडत नाही, त्याला स्टेशनवरून निरोप येतो. मज्जारज्जूलाही असाच निरोप येतो, मेंदूकडून. मध्यमेंदूतल्या पेरिॲक्विडक्टल ग्रे या छोट्या भागातून तो निघतो, मेंदूच्या बुंध्यातून खाली उतरतो आणि डॉर्सल हॉर्नपर्यंत येतो. 1969 मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या याच भागाला विजेचं हलकं उत्तेजन दिलं आणि भुलीचं औषध न देता त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली!

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती रंगात आलेली असते तेव्हा बोट निखळलं तरी पैलवानाला पत्ता नसतो. हलगी थांबते, मग तो हात धरून खाली बसतो. बोट मघापासून निखळलेलंच होतं. वरून हुकूम होता, आत्ता नको.

आणि हे सगळं रसायनांवर चालतं. शरीर स्वतःच मॉर्फिनसारखी द्रव्यं बनवतं. त्यातली एन्केफॅलिन 1975 साली स्कॉटलंडमध्ये सापडली. 1978 चा एक प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दाढ काढलेल्या काही रुग्णांना औषध म्हणून नुसतंच बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं, आणि काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग त्यांना नॅलॉक्झोन दिलं, जे मॉर्फिनचा परिणाम रोखतं. दुखणं परत वाढलं! म्हणजे त्यांना वाटलेला आराम भास नव्हता, शरीरात खरंच द्रव्य सुटलं होतं. पुढे 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी स्कॅनवर दाखवलं की बिनऔषधाचं मलम लावून "याने दुखणार नाही" असा विश्वास दिला, तर खुद्द मज्जारज्जूतलीच हालचाल कमी होते.

पण हीच वाट उलटही चालते. बुंध्यातल्या काही पेशी संदेश दाबतात, काही वाढवतात. झोप मोडली, काळजी लागली, कुणी "मणका झिजलाय, आता वाकायचं नाही" असं सांगून भीती घातली, की वाढवणारी बाजू जड होऊ शकते. जुनी इजा भरून आली तरी दुखत राहतं, त्याचं हे एक कारण. एमआरआयमध्ये हे दिसत नाही. मावशीचं दुखणं तितकंच खरं असतं.

मात्र पाय लुळे पडायला लागले, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर हा व्हिडिओ बंद करा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

अजून एक. जुन्या दुखण्यावर डॉक्टर कधी कधी ड्युलोक्सेटीन लिहून देतात. घरी कुणीतरी मोबाइलवर बघतं, "डिप्रेशनची गोळी" असं दिसतं, आणि "मला वेडी ठरवलं" म्हणून बाई गोळी टाकून देते. मावशी, तसं नाही. मेंदूकडून खाली येणारा तो निरोप सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांवर चालतो, आणि ही गोळी नेमकी तीच वाढवते. फरक पडायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतंही. मनानं अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.