मनाचे चढउतार मोजताना

[दृश्य: लातूर, शिकवणी वर्गांचा परिसर, संध्याकाळ]

नीटच्या तयारीला आलेला १७ वर्षांचा मुलगा सारखा चिडतो, मेसचा डबा अर्धा परत जातो, चाचणीचे गुण घसरतात. घरी फोनवर सांगतो, "टेन्शन आहे अभ्यासाचं." अनेकदा तेवढंच असतं. पण २ आठवडे हेच चाललं, क्रिकेटमध्येही मन रमेना, झोप उडाली, तर नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. या वयात उदासीच्या जागी नुसती चिडचिडही दिसते, आणि घरचे तिला उद्धटपणा समजतात.

क्लिनिकल सायकॉलॉजीचे संशोधक पहिली चाळणी बहुधा पीएचक्यू-९ या प्रश्नावलीने लावतात. ९ प्रश्न, गेल्या २ आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की समोर बसून सविस्तर मुलाखत; निदान त्यानंतरच. मरगळ रक्तक्षयातही येते, थायरॉइड बिघडल्यावरही येते, म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

[दृश्य: वर्गखोली, लांब लांब मांडलेली बाकं]

घोळ होतो तो कागद भरून घेताना. शेजारचा डोकावतोय आणि कागद सरच गोळा करणार म्हटल्यावर मुलं सगळीकडे शून्यावर खूण करून मोकळी होतात. त्यामुळे बाकं लांब हवीत, कागदावर नावाऐवजी क्रमांक हवा आणि गोळा करणारा शाळेबाहेरचा हवा. तरी कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळी, कुलपात ठेवावीच लागते. कारण नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे १ जरी आला, तरी बेरीज कितीही कमी असो, त्या मुलाशी त्याच दिवशी बोलायचं. गठ्ठा बांधून ठेवला आणि महिन्याने उघडला, ही हयगय जिवावर बेतू शकते. जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावं लागेल, हे मुलाला कागद देण्याआधीच सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक सगळ्यांनाच द्यायचा.

भावनिक विकास मात्र एका बेरजेतून कळत नाही. सकाळी अपमान झाला; संध्याकाळपर्यंत मन सावरलं का? नैराश्यात ते सहज सावरत नाही, तिथेच अडकून राहतं. म्हणून आठवडाभर, दिवसातून ४-५ वेळा, मोबाइलवर विचारतात, "आत्ता कसं वाटतंय?" वसतिगृहात मोबाइल जमा असेल तर चिठ्ठ्या. पण मुलं पाचही चिठ्ठ्या रात्री एकदम भरतात आणि रात्रीचा मूड सगळ्या दिवसाला चिकटतो. चिठ्ठी त्या त्या वेळी बंद पेटीत पडली आणि पेटी लगेच उचलली, तरच नोंद खरी. शिवाय परीक्षेच्या तोंडावर घेतलेल्या नोंदीत धास्ती मिसळते. तुलनेला एक नोंद ऑगस्टमधली हवी.

[दृश्य: बीड जिल्हा, ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर]

इथे अशा अभ्यासाचं वेळापत्रक साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ठरवतो. १८ वर्षांखाली पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. टोळ्या एकदा निघाल्या की घरी आजी-आजोबाच राहतात, म्हणून सह्या पावसाळ्यातच घ्याव्यात. सहा महिन्यांनी पुन्हा गेल्यावर काही मुलं आई-बापासोबत फडावर गेलेली असतात. उरलेल्यांचीच सरासरी काढली तर चित्र बरं दिसण्याचा धोका असतो, कारण गळालेल्यांमध्ये जास्त त्रासातली मुलं असू शकतात. त्यासाठी पहिल्याच भेटीत आजीचा, शेजाऱ्यांचा आणि मुकादमाचा नंबर लिहून घ्यावा. मुकादमाकडे फक्त पत्ता विचारायचा; मुलाच्या तब्येतीचा विषय त्याच्यापाशी काढायचा नाही.