युरेनियमची राखण

[दृश्य: रेल्वे स्थानक, प्रवाशांची ये-जा]

ऑक्टोबर १९९२. मॉस्कोच्या दक्षिणेला पोदोल्स्क नावाचं शहर. तिथल्या रेल्वे स्थानकावर पोलिसांनी काही जणांना पकडलं. संशय होता कारखान्यातल्या बॅटऱ्या चोरल्याचा. त्यांच्या ओळखीचा आणखी एक माणूस त्या वेळी सोबत होता, तोही आपसूक सापडला. त्याच्याकडे बॅटऱ्या नव्हत्या. त्याच्याकडे होतं अतिसमृद्ध युरेनियम, म्हणजे अणुबॉम्बला लागतं तशा प्रतीचं, सुमारे दीड किलो.

हा माणूस तिथल्याच एका अणुसंशोधन कारखान्यातला कर्मचारी होता. सोव्हिएत संघ कोसळला होता आणि महागाईत पगाराला काही किंमत उरली नव्हती. कामात थोडा माल वाया जातोच, असं कारखान्याच्या हिशोबात धरलेलं असे. ही घट ठरलेल्या टक्क्यांच्या आत राहिली, तर कोणी विचारत नसे. तो त्या मर्यादेच्या आत राहून थोडं थोडं युरेनियम घरी नेत गेला. काही महिने हे चाललं, आणि कारखान्याच्या वहीत चोरी कुठेच दिसली नाही.

बॅटरीचोरांमुळे हे उघडकीला आलं. नशिबावर सोडलेली राखण अशी असते.

[दृश्य: सेंट्रिफ्यूजच्या लांबच लांब रांगा]

अणुबॉम्बचं मूळ तत्त्व १९४५ पासून जगाला ठाऊक आहे. गाडी अडते ती सामग्रीपाशी. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये यू-२३५ हा उपयोगाचा भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना तो ३ ते ५ टक्के लागतो. अस्त्रासाठी तो साधारण ९० टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो. त्यासाठी हजारो सेंट्रिफ्यूज (यू-२३५ चं प्रमाण वाढवणारी, प्रचंड वेगाने फिरणारी यंत्रं), अफाट पैसा आणि कित्येक वर्षं लागतात. हा सरकारांच्या आवाक्यातला उद्योग आहे. कुठल्याही दहशतवादी टोळीला तो झेपणार नाही. पण दुसऱ्या कुणी तयार करून ठेवलेलं युरेनियम चोरता येतं किंवा विकत घेता येतं. खरी भीती तिथे आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, आपल्या तपासणीसाठी एक मोजमाप धरते: अतिसमृद्ध युरेनियममधलं २५ किलो यू-२३५ किंवा ८ किलो प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बला चालणारा दुसरा धातू. एवढा माल बेपत्ता झाला, तर त्यातून बॉम्ब होण्याची शक्यता नाकारता येत नाही. शिवाय अतिसमृद्ध युरेनियमचा किरणोत्सार फार क्षीण असतो. शिशाच्या आवरणात ठेवलं, तर सीमेवरच्या यंत्रांनाही ते सहज सापडत नाही. ते दाराबाहेर पडल्यावर जगभर शोधत फिरण्यापेक्षा दारातच रोखणं कितीतरी सोपं आहे.

[दृश्य: बर्फाळ औद्योगिक शहर, कारखान्याच्या चिमण्या]

कझाकस्तानातल्या उस्त-कामेनोगोर्स्क शहरात उल्बा नावाचा धातू कारखाना आहे. सोव्हिएत पाणबुड्यांच्या इंधनासाठी आणलेलं अतिसमृद्ध युरेनियम तिथल्या गोदामात पडून राहिलं होतं. देश नव्यानं स्वतंत्र झालेला, तिजोरी रिकामी, आणि ताब्यात हा साठा. १९९३ मध्ये अमेरिकी दूतावासातले अधिकारी अँडी वेबर यांच्या हातात एक चिठ्ठी पडली. तीवर एवढंच लिहिलेलं होतं: यू-२३५, ९० टक्के, ६०० किलो. पुढे प्रत्यक्ष पाहणी झाली, तेव्हा गोदामाच्या दाराला साधं कुलूप होतं.

कझाकस्तानने या साठ्याचं भांडवल करून जगाला वेठीला धरलं नाही, याची इतिहासात पुरेशी दखल घेतली गेलेली नाही असं मला वाटतं. दोन्ही सरकारांनी गुपचूप बोलणी केली. १९९४ च्या शरद ऋतूत अमेरिकेचं ३१ जणांचं पथक तिथे पोहोचलं. आठवड्याचे ६ दिवस, रोज १२-१२ तास त्यांनी डबे उघडले, माल तोलला, पुन्हा बंद केला. नोव्हेंबरमध्ये अवाढव्य सी-५ विमानांतून तो अमेरिकेला गेला आणि टेनेसीतल्या ओक रिजच्या कोठारात पोहोचला. त्यानंतरच ही बातमी जाहीर झाली. या मोहिमेचं नाव होतं ‘प्रोजेक्ट सफायर’, म्हणजे नीलमणी.

त्याच देशात आणखी एक काम मात्र बरंच लांबलं. सेमिपलातिन्स्कच्या माळरानावर सोव्हिएत संघाने ४० वर्षांत ४५० हून अधिक अणुचाचण्या घेतल्या होत्या. देगेलेन डोंगराच्या बोगद्यांत त्यांतल्या काही प्रयोगांचं प्लुटोनियम तसंच राहिलं होतं. आणि गरिबीने गांजलेली माणसं तांब्याच्या तारांसाठी तेच बोगदे उकरत होती. अमेरिकेच्या लॉस अलामोस या अणुअस्त्र प्रयोगशाळेचे माजी संचालक सिगफ्रिड हेकर १९९८ मध्ये तिथे गेले. भंगारवाल्यांनी खणलेले लांबलचक चर पाहून ते हादरले. मग कझाकस्तान, रशिया आणि अमेरिका यांचे शास्त्रज्ञ एकत्र आले. बोगद्यांत खास काँक्रीट भरून ते प्लुटोनियम कायमचं बंदिस्त केलं गेलं. हे काम २०१२ पर्यंत चाललं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या देशांनी १० वर्षांहून अधिक काळ हे काम शांतपणे, गाजावाजा न करता केलं. आज रशिया आणि अमेरिकेत असं सहकार्य जवळपास थांबलं आहे, आणि त्याची हळहळ वाटते.

[दृश्य: बंदर, मालवाहू जहाजावरचे कंटेनर]

दुसरा धोका तंत्रज्ञानाच्या काळ्या बाजाराचा. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेलं ‘बीबीसी चायना’ नावाचं जहाज इटलीकडे वळवण्यात आलं. त्यावर सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग निघाले. माग पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्यापर्यंत पोहोचला. हे सुटे भाग कितीतरी देशांतल्या कारखान्यांतून आणि दलालांच्या हातून फिरत होते. एप्रिल २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १५४० संमत केला. दहशतवाद्यांसारख्या बिगरसरकारी गटांच्या हाती अशी अस्त्रं लागू नयेत, म्हणून कायदे करणं आणि निर्यातीवर नजर ठेवणं तेव्हापासून प्रत्येक देशाला बंधनकारक आहे.

[दृश्य: पिंपांच्या रांगा, मोजणी करणारे तपासनीस]

आता उरलेल्या साठ्याकडे पाहू. जगात आजही १,२०० टनांच्या आसपास अतिसमृद्ध युरेनियम आहे. शीतयुद्धानंतर रशियाच्या अस्त्रांतलं ५०० टन युरेनियम सौम्य करून अमेरिकेच्या अणुभट्ट्यांत जाळलं गेलं. २०१३ मध्ये ती योजना संपली. उरलेल्या साठ्याचा बहुतेक भाग लष्करी ताब्यात आहे, आणि आयएईएचे तपासनीस तिथे जाऊ शकत नाहीत. अणुसामग्रीच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार २०१६ पासून अधिक कडक झाला, पण तो लागू आहे नागरी सामग्रीला.

अस्त्रांसाठी अशी सामग्री नव्याने बनवायचीच नाही, असा करार करावा, ही मागणी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ मध्येच केली होती. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत तो विषय तेव्हापासून अडकून पडला आहे. आधीपासून असलेल्या साठ्यांचं काय, असा पाकिस्तानचा आक्षेप आहे. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत नवं उत्पादन चालूच राहायला हवं, हे मला अजिबात पटत नाही. उत्पादन आधी थांबवावं आणि जुन्या साठ्यांची मोजणी त्याच टेबलावर पुढे चालू ठेवावी.