मेगामॅन 2 : उरलेल्या वेळात घडलेला गेम

रात्रीचं शहर. पडद्यावर उमटणारी कथेची थोडक्यात ओळख संपते आणि नजर एका उंच इमारतीवरून वर चढायला लागते. संगीत आधी अगदी हळुवार. मजले मागे पडत जातात, वेग वाढतो, ताल वाढतो. शेवटी गच्ची येते. तिथे निळ्या चिलखतातला एक मुलगा उभा आहे. डोक्यावर हेल्मेट नाही, केस वाऱ्यावर उडतायत. आपण अजून एकही बटण दाबलेलं नाही, तरी खेळायची घाई झालेली असते.

तो मुलगा म्हणजे मेगामॅन आणि हा व्हिडिओ गेम 'मेगामॅन 2'. जपानमध्ये याचं नाव 'रॉकमॅन 2'. 24 डिसेंबर 1988 रोजी कॅपकॉम कंपनीने तो बाजारात आणला. पण त्याच्या वर्षभर आधी या गेमचा दुसरा भाग निघेल याची कुणालाच खात्री नव्हती.

पहिला 'रॉकमॅन' 1987च्या डिसेंबरात आला होता. कौतुक झालं, पण खप बेताचाच. ओसाकातल्या कॅपकॉमच्या वरिष्ठांना दुसऱ्या भागाची निकड वाटेना. गेमचा दिग्दर्शक अकिरा कितामुरा मात्र मागे हटला नाही. अखेर परवानगी मिळाली, पण अटीवर : आधी नेमून दिलेली कामं, मग उरलेल्या वेळात हे. छोटीशी टीम, हाताशी मोजके महिने. त्या टीममध्ये केइजी इनाफुने हा तरुण चित्रकार होता. दिवसाचे वीस-वीस तास काम चालायचं, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं. आणि कॅपकॉममधला आपला सगळ्यात चांगला काळ तोच, हेही. जे बनवायची मनापासून इच्छा होती, तेच ते बनवत होते.

हा गेम निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर चालायचा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत टीव्हीला जोडून ज्या मशिनवर मारिओ आणि काँट्रा खेळले गेले, त्यातली बरीचशी याच फॅमिकॉमची नक्कल होती. ती 'कॅसेट' आठवत असेल. 'मेगामॅन 2'च्या कॅसेटमध्ये जागा होती 256 किलोबाइट. आठ बॉस (लेव्हलच्या शेवटी भेटणारे तगडे शत्रू), त्यांच्या आठ लेव्हल, खलनायक डॉ. वायलीचा किल्ला आणि सगळं संगीत, एवढ्यात बसवायचं.

आता मेगामॅनचा चेहरा जरा जवळून बघा. या मशिनवर हलणाऱ्या चित्राच्या एका तुकड्याला तीनच रंग मिळायचे. दोन निळे आणि एक काळा चिलखतावरच संपले. मग त्वचेचा रंग आणि डोळ्यांचा पांढरा आणायचा कुठून? त्यासाठी चेहऱ्याचा वेगळा तुकडा करून तो वरून बसवला. त्या दोन निळ्यांचा आणखी एक उपयोग झाला. हत्यार बदललं की फक्त ते दोन रंग बदलायचे आणि मेगामॅन क्षणात हिरवा किंवा नारिंगी व्हायचा. हातात कोणतं हत्यार आहे हे त्याच्या अंगावरूनच कळायचं. तंगीतून इतकी देखणी गोष्ट निघालेली फार कमी वेळा पाहायला मिळते.

पहिल्या भागात सहा बॉस होते, इथे आठ. त्यांच्या कल्पना आल्या खेळणाऱ्या मुलांकडून. कॅपकॉमने बॉसची चित्रं मागवली आणि आठ हजारांहून जास्त आली. त्यांतून मेटलमॅन, एअरमॅन, बबलमॅन, क्विकमॅन, क्रॅशमॅन, फ्लॅशमॅन, हीटमॅन आणि वुडमॅन उभे राहिले. सुरुवात कुणापासूनही करा. जो हरेल त्याचं हत्यार तुमचं, आणि ते दुसऱ्या कुणावर तरी जालीम ठरतं. हीटमॅनच्या आगीपुढे वुडमॅन टिकत नाही, वुडमॅनच्या पानांपुढे एअरमॅन. आणि मेटलमॅन? वायलीच्या किल्ल्यात तो पुन्हा भेटतो, तेव्हा त्याचीच धारदार चकती त्याच्यावर फेकली की एक-दोन फटक्यांत खलास. हे ज्याचं त्याने शोधून काढायचं, यातच खरी मजा आहे.

क्विकमॅनच्या लेव्हलपाशी थोडं थांबायलाच हवं. मेगामॅन एका खोल विहिरीसारख्या जागेत पडत जातो आणि भिंतींमधून प्रकाशाचे झोत सुटतात. झोत अंगाला लागला की खेळ खलास, मग शक्ती कितीही शिल्लक असो. कुठे वळायचं, कुठे क्षणभरही थांबायचं नाही, हे बोटांनी पाठ करावं लागतं. सुटकेची एक वाट आहे : फ्लॅशमॅनकडून मिळालेलं वेळ थांबवणारं हत्यार. ते वापरलं की झोत जागच्या जागी गोठतात. पण एकदा सुरू केलं की ते पूर्ण रिकामं होईपर्यंत थांबत नाही. आणि तेच हत्यार पुढे खुद्द क्विकमॅनची अर्धी शक्ती काढून घेऊ शकतं. मग ते इथे खर्चायचं की त्याच्यासाठी राखायचं? गेम काही सांगत नाही, निर्णय तुमच्यावर सोडतो. माझ्या मते सगळ्या गेममधली ही सर्वांत सुंदर रचना आहे.

दुसऱ्या भागाने खेळणाऱ्याची काळजीही घेतली. पहिल्या भागातले गुण (स्कोअर) काढून टाकले, कारण त्यांचा उपयोग काहीच नव्हता. शक्ती भरून देणाऱ्या ई-टाक्या आल्या. पासवर्ड आला, म्हणजे आज अर्धा खेळून उरलेला उद्या खेळता येऊ लागला.

आणि संगीत! ताकाशी तातेइशीने ते मुख्यतः चार आवाजांत बांधलं : दोन सुरावटीचे, एक खर्जाचा, एक तालाचा. काही चाली पहिल्या भागाच्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांच्याकडून आल्या. मेगामॅनने गोळी झाडली की तो आवाज या चारांतलाच एक क्षणभर उसना घेतो, तरी गाणं तुटल्यासारखं वाटत नाही. वायलीच्या किल्ल्यातली पहिली धून आजही जगभर गिटारवर, पियानोवर वाजवली जाते.

खप झाला 15 लाखांच्या वर. बरीच वर्षं मूळ मालिकेतला हा सगळ्यात जास्त विकला गेलेला भाग होता. वीस वर्षांनी, 2008मध्ये, कॅपकॉमने 'मेगामॅन 9' काढला तेव्हा मधल्या भागांत आलेल्या घसरत जाण्याच्या आणि ताकद साठवून गोळी मारण्याच्या युक्त्या मुद्दाम वगळल्या आणि थेट या दुसऱ्या भागाचं वळण धरलं. चित्रंही पुन्हा तीच, जुन्या आठ-बिटी धाटणीची.

कितामुरा त्याआधीच, 'मेगामॅन 2' झाल्यावर, कॅपकॉम सोडून गेला होता. मेगामॅनची पहिली छोटी आकृती मुळात त्यानेच रेखली होती. आपण अर्धंच काम केलं, असं इनाफुनेने स्वतः सांगितलंय. पण गेमच्या शेवटी जी नावं येतात, त्यांत यातलं एकही सरळ सापडत नाही. त्या काळी बऱ्याच जपानी कंपन्या गेम बनवणाऱ्यांची खरी नावं पडद्यावर येऊ देत नसत. इनाफुनेच्या जागी 'इनाफकिंग' आहे, तातेइशीच्या जागी 'ओगेरेत्सु'. आणि नियोजक म्हणून दोनच अक्षरं दिसतात : ए. के. ते अकिरा कितामुरा.